फाटकाजवळचा दिवा



वसंतातल्या या व्याख्यानमालांची एक रीत पडून गेली आहे. उन्हे कलावीत, पटांगणावर पाण्याचा सडा पडावा, सतरंज्या अंथरल्या जाव्यात, आणि मग कोणी ज्ञानेश्वरीवर बोलावे, कोणी शिवकालावर, कोणी जगाच्या राजकारणावर. आमचा विषय कळला तेव्हा चालकांच्या मुद्रेवर थोडी काळजी उमटली. रेल्वेच्या फाटकाजवळ रस्त्यावर तांबडे-हिरवे दिवे लावतात, ते कशासाठी लावतात आणि त्यांना खर्च काय येतो, एवढाच हा विषय. 'यावर तासभर काय बोलणार?' असे त्यांनी तोंडाने विचारले नाही, हा त्यांचा सौजन्याचा भाग. पण वेदान्ताशी आपली गाठ वर्षातून एकदा या मांडवात पडते, तांबड्या दिव्याशी मात्र दिवसातून चारदा. तेव्हा एक संध्याकाळ त्यालाही द्यायला हरकत नसावी.

आम्ही अभियंते नाही, रेल्वेचे अधिकारीही नाही. रूळ ओलांडत लहानाचे मोठे झालेले या गावचे रहिवासी, एवढाच आमचा अधिकार. आगगाडी सोलापुरास १८६० साली आली. १८७१ मध्ये हीच वाट रायचुरास मद्रासकडून आलेल्या लोहमार्गाला मिळाली, आणि आपले गाव मुंबई-मद्रास या थोर वाटेवरचे एक ठाणे झाले. गाडीने कापूस वाहिला, गिरण्या उभ्या राहिल्या, गिरण्यांभोवती वस्ती वाढली. किल्ला आणि सिद्धेश्वराचे तळे यांच्या आसऱ्याने बसलेले गाव एके दिवशी रुळापाशी येऊन थडकले आणि पुढे रुळापलीकडेही गेले. आज जुळे सोलापूर म्हणून जो केवढा तरी विस्तार आपण पाहतो, तो रुळाच्या पलीकडचाच. म्हणजे ज्या रुळांनी हे गाव वाढवले, तेच रूळ रोज ओलांडल्याशिवाय पुष्कळांचा दिवस सुरू होत नाही. गावात त्यासाठी पूल झाले. पण जिल्ह्यात जरा आडवाटेला लागावे, की फाटक भेटतेच.

अशाच एका फाटकावर काही वर्षांपूर्वी आम्ही पाहिलेला प्रसंग सांगतो. गावाचे नाव घेत नाही, कारण दोष कोणा एका गावाचा नव्हता. ऊसतोडीचे दिवस होते. फाटक बंद होते आणि दोन्ही बाजूंना वाहनांची दाटी झाली होती. फाटकापलीकडे चाळीस-पन्नास पावलांवर एक चौक होता आणि त्या चौकात नवे कोरे दिवे बसवलेले होते. गाडी गेली, फाटक उघडले, रांग हलली. आमच्या पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. पुढचा ट्रॅक्टर आणि मागच्या दोन ट्रॉल्या अशी ती आगगाडीची धाकटी बहीणच म्हणावी. उसाच्या मोळ्यांवर तोडकऱ्यांच्या दोन बायका बसल्या होत्या आणि एकीच्या मांडीवर मूल होते.

ट्रॅक्टर रूळ ओलांडून पुढे गेला आणि तोच चौकातला दिवा तांबडा झाला. पुढची मोटार थांबली, तिच्यामागची थांबली, ट्रॅक्टर थांबला, आणि मागची ट्रॉली बरोबर रुळावर उभी राहिली. मागे सरकावे तर आम्ही मागे खेटून उभे. चौकातल्या खांबावर आकडे उतरत होते : अठ्ठावन्न, सत्तावन्न, छप्पन्न. इतक्यात फाटकवाल्याच्या खोलीतला टेलिफोन खणखणला. पुढची गाडी निघाली होती. तो बाहेर धावला, हातातले तांबडे निशाण हलवू लागला, ओरडू लागला. ट्रॉलीवरच्या बायकांना आधी काही समजेना. समजले तेव्हा एकीने मुलाला पोटाशी धरले आणि खाली उडी टाकावी की नाही, अशा नजरेने ती रुळाकडे पाहू लागली.

पुढे काय झाले? काहीच झाले नाही. चौकातला दिवा हिरवा झाला, रांग सरकली, ट्रॉली रुळावरून उतरली, फाटक पडले, आणि पाचसहा मिनिटांनी गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात यातले अक्षरही आले नाही. परंतु आमच्या मनातून तो प्रसंग गेला नाही. ती गाडी वेळेवर आली असती तर? ती का आली नाही, हे आम्ही नंतर फाटकवाल्याला विचारले. त्याने जे सांगितले, त्यातच आजच्या व्याख्यानाचे सार आहे.

तो म्हणाला, "साहेब, माझं फाटक पडल्याबिगर तिला सिग्नल मिळतच नाही. ती तिकडं तांबड्यावर उभी व्हती."

या साध्या वाक्यामागे शंभर-दीडशे वर्षांची बुद्धी आहे. चांगल्या फाटकावरची व्यवस्था अशी असते : फाटक पूर्ण खाली येऊन त्याला कुलूप लागले, म्हणजेच त्या कुलपाची किल्ली मोकळी होते, आणि ती किल्ली वळवली म्हणजेच गाडीचा सिग्नल उतरवता येतो. एकदा सिग्नल दिला की गाडी पार होईपर्यंत फाटक उघडत नाही. फाटकवाला झोपेत असो, घाईत असो की कोणी दमदाटी करणारा त्याच्या पुढ्यात उभा असो, उघड्या फाटकावर हिरवा सिग्नल त्याला देताच येत नाही. याला रेल्वेच्या भाषेत इंटरलॉकिंग म्हणतात. आपण 'कुलूपबंदी' म्हणू. रेल्वेचा दिवा फाटकाच्या खऱ्या स्थितीशी बांधलेला असतो. म्हणून तो खोटे बोलू शकत नाही.

आता चौकातला तो दुसरा दिवा पाहा. तो कशाशी बांधलेला होता? केवळ घड्याळाशी. फाटक उघडे की बंद, रुळावर ट्रॉली आहे की मूल आहे, गाडी निघाली की नाही, यातले काहीएक त्याला ठाऊक नव्हते. चाळीस पावलांच्या अंतरात दोन दिवे होते. एक रेल्वेचा, एक रस्त्याचा. आणि दोघांची ओळखदेख नव्हती. त्या दिवशी एका दिव्याने ट्रॉली रुळावर आणून उभी केली आणि दुसऱ्याने गाडी रोखून ती वाचवली.

गंमत अशी, की हे दोघे सख्खे भाऊ आहेत. रस्त्यावरचा दिवा हा मुळात रेल्वेच्याच घरी जन्मला. १८६८ सालच्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीजवळ जगातला पहिला रस्ता-सिग्नल उभा राहिला. तो योजणारा जॉन पीक नाइट हा गृहस्थ रेल्वेतला. त्याने आगगाडीचे हात आणि तांबडा-हिरवा दिवा जसेच्या तसे उचलून रस्त्यावर आणले. दिवसा हात वर-खाली व्हायचे, रात्री वायूचे दिवे जळायचे आणि खाली उभा असलेला पोलीस ते फिरवायचा. महिनाभरातच, १८६९ च्या जानेवारीत, त्या वायूचा स्फोट होऊन पोलीस भाजला आणि तो प्रयोग बारगळला. विजेचा दिवा रस्त्यावर यायला पुढे विसावे शतक उजाडावे लागले. रंग आले, खांब आले. पण रेल्वेची कुलूपबंदी काही रस्त्यावर आली नाही. भाऊ वेगळा निघाला तो घरची शिस्त घरीच ठेवून.

याची किंमत काय पडते? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फॉक्स रिव्हर ग्रोव्ह म्हणून गाव आहे. २५ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळी शाळेची एक बस तिथले रूळ ओलांडून चौकातल्या तांबड्या दिव्यापाशी थांबली. बसचा पुढचा भाग थांबण्याच्या रेघेवर आणि शेपूट रुळावर. मागून भरधाव गाडी आली आणि सात विद्यार्थी प्राणास मुकले. लक्षात घ्या, तिथे रेल्वेचा आणि चौकाचा दिवा एकमेकांना तारेने जोडलेले होते. गाडी येत असल्याची वर्दी चौकातल्या दिव्याला मिळतही होती. परंतु वर्दी मिळाल्यापासून हिरवा दिवा लागून बस पुढे सरकेपर्यंत जितके क्षण हवेत, तितके हिशेबात धरले गेले नव्हते. रस्त्याचे खाते आणि रेल्वेचे खाते यांनी एकत्र बसून ते सेकंद मोजले नव्हते, हे पुढे चौकशीत उघड झाले. तेथे तार जोडलेली होती, पण दोन खात्यांची मने जोडलेली नव्हती.

आपल्याकडचे ताजे उदाहरण ८ जुलै २०२५ चे आहे. तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे शाळेच्या गाडीला आगगाडीने धडक दिली आणि तीन विद्यार्थी गेले. त्या फाटकावर माणूस होता, पण कुलूपबंदी नव्हती. त्यानंतर रेल्वेने नियम कडक केला. फाटकावरून दिवसात जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि वाहनांची संख्या यांचा गुणाकार वीस हजारांवर गेला तर कुलूपबंदी करावी, असा पूर्वीचा दंडक होता. तो दहा हजारांवर आणला. ब्रॉडगेज मार्गांवरची माणूस नसलेली फाटके तर २०१९ च्या जानेवारीअखेर संपवण्यात आली. म्हणजे रेल्वे आपल्या बाजूने पावले टाकीत आहे. प्रश्न उरतो तो रस्त्याच्या बाजूचा, म्हणजे आपल्या बाजूचा.

आता खर्चाकडे वळू. आपल्याकडे दिव्याचा खर्च म्हटला की खांब, दिवे, तारा आणि बसवण्याची मजुरी एवढेच धरतात. हा आकडा लाखांत जातो, पुलाचा कोटींत जातो. तेव्हा दिवा स्वस्त वाटतो, आणि म्हणून उद्घाटनही लवकर होते. पण गाय विकत घेताना वैरणीचा हिशेब न करणारा शेतकरी आपण शहाणा म्हणू का? दिव्याला वीज लागते. हल्लीच्या एलईडी दिव्यांना जुन्या दिव्यांपेक्षा ती पुष्कळ कमी लागते, हे खरे. परंतु दिव्याची धूळ पुसायला माणूस लागतो, पावसाळ्यात भिजलेली तार बदलायला माणूस लागतो, रहदारी बदलली की सेकंद बदलायला माणूस लागतो. या माणसांसाठी दरवर्षी पैसे ठेवले नाहीत, तर पहिल्या वर्षी केलेला खर्चही वाया जातो. मग दिवा महिनोन् महिने नुसताच पिवळा मिचमिचतो, नाहीतर अंधारा उभा राहतो. अंधाऱ्या दिव्यापेक्षा दिवा नसलेला बरा. निदान वाहनवाला डोळे उघडे ठेवून जातो.

दुसरा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. तो वाट पाहण्याचा. समजा, एका फाटकावर दर खेपेस दीडशे माणसे दहा मिनिटे खोळंबतात आणि असे दिवसातून वीस वेळा घडते. दीडशे गुणिले दहा गुणिले वीस, म्हणजे तीस हजार मिनिटे. म्हणजे पाचशे तास. आठ तासांचा दिवस धरला तर बासष्ट माणसांची रोजची मजुरी त्या फाटकापाशी रोज सांडते. त्यात दवाखान्याला निघालेली बाळंतीण असते आणि परीक्षेला निघालेला मुलगा असतो. त्यांच्या दहा मिनिटांचे मोल आम्ही कशाने करावे?

आणि उलट बाजूही पाहा. रस्त्यासाठी फाटक उघडे ठेवले की गाडी खोळंबते. मुंबईच्या उपनगरी गाड्यांचे वेळापत्रक दिव्याच्या फाटकापाशी कित्येक वर्षे असेच अडखळत आले. एका मोटारीला वाट देताना हजारो माणसांची गाडी उभी राहते. म्हणूनच हा गुणाकार एक लाखावर गेला, की रेल्वे आणि राज्य सरकार यांनी खर्च वाटून घेऊन पूल बांधावा, असा दंडक चालत आला आहे. दिवसाला साठ गाड्या आणि दोन हजार वाहने असली की एक लाख वीस हजार झाले. पुलाचा हक्क पोहोचला. तो हक्क मागायला हवा, हे आम्ही आधीच कबूल करतो.

पण पूल मागितला म्हणून उद्या उभा राहत नाही. जमीन, नकाशे, मंजुरी, निविदा, यांत वर्षे जातात आणि ट्रॉल्या तर रोज जातात. शिवाय पूल झाला तरी त्याच्या पायथ्याशी चौक उरतोच. रुळावरची गर्दी पायथ्याला येते, एवढेच. तेव्हा मधल्या काळात आणि पुलानंतरही दिवा लागणार. मग तो खरे बोलणारा असावा, एवढीच आमची मागणी.

खरे बोलणारा म्हणजे कसा? फाटक बंद होण्याची वर्दी मिळताच त्याने आधी रुळावरची रांग पुढे काढून द्यावी आणि मगच रुळाकडे येणारी वाहने थांबवावीत. फाटक बंद असेपर्यंत रुळाकडच्या वाटेला उगाच हिरवा दाखवू नये. ते सेकंद ठरवताना मोटार धरू नये, उसाने भरलेला ट्रॅक्टर धरावा. ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी एक किलोमीटर छत्तीस सेकंदांत तोडते. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला नुसते रूळ मोकळे करायला पंचवीस-तीस सेकंद सहज लागतात. आणि जिथे तार जोडण्याइतका पैसा आज नाही, तिथे निदान रंगाचा डबा तरी परवडेल. रुळाआधी ठळक रेघ आखावी, पलीकडे आपले वाहन मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय रेघ ओलांडू नये अशी पाटी लावावी, आणि गर्दीच्या वेळी तिथे एक पोलीस उभा करावा. यात कोटी नाहीत, लाखही नाहीत.

यावर आमचे एक स्नेही नेहमी म्हणतात, "अहो, आपले लोक दिवा पाळतात कुठे? पैसे पाण्यात!" त्यांचे म्हणणे सगळेच खोटे नाही. फाटक पडले की आपण काय करतो, ते आठवा. डाव्या बाजूला रांग लागते. मग एक फटफटीवाला उजवीकडून पुढे जातो, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे रिक्षा. पलीकडेही तेच. फाटक उघडते तेव्हा दोन सैन्ये समोरासमोर उभी, आणि मध्ये रूळ! ती गाठ सुटेपर्यंत पुढच्या गाडीचा टेलिफोन वाजतो. कित्येक जण तर सायकल आडवी करून दांड्याखालून जातात. बंद फाटक जबरीने उघडणाऱ्याला १९८९ च्या रेल्वे कायद्यात तीन वर्षांपर्यंत आणि तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

पण 'आपले लोक पाळत नाहीत' हा निकाल आम्ही मान्य करीत नाही. हे गाव भोंग्यावर चाललेले गाव आहे. गिरण्यांचा भोंगा झाला की चुली पेटत, डबे भरले जात, घड्याळे लावली जात. भोंग्याच्या खाली पोलीस उभा नसे. लोक तो पाळत, कारण भोंगा वेळेवर होई आणि वेळेवरच होई. तो जर रोज वाटेल तेव्हा वाजता, तर आठ दिवसांत कोणी त्याच्याकडे कान दिला नसता. आणि संक्रांतीच्या यात्रेत सिद्धरामेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची वाट चालतात. लाखाच्या गर्दीत त्या उंच काठ्या तोलत नेतात, आणि पुढची काठी कोणाची, मागची कोणाची, यावरून वाटेत हमरीतुमरी होत नाही. क्रम ठरलेला असतो आणि तो सगळ्यांना मान्य असतो. तेच लोक चौकात आल्यावर बेशिस्त का होतात? मोकळ्या रस्त्यावर तांबडा दाखवणाऱ्या, भरल्या रुळावर हिरवा दाखवणाऱ्या आणि सहा महिने आंधळा राहणाऱ्या दिव्याने त्यांचा विश्वास गमावलेला असतो, म्हणून. विश्वास परत मिळवायचा तर आधी दिवा सुधारावा लागेल; आणि तो सुधारला की मग नियम मोडणाऱ्याला दंड करायला आमची हरकत नाही. आधी दंड आणि मागाहून दुरुस्ती, हा क्रम मात्र उलटा आहे.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या वस्तीजवळच्या फाटकापाशी नवा दिवा लागत असेल, तर हार घालण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा दिवा फाटकाशी जोडला आहे का? रूळ मोकळे व्हायला लागणारे सेकंद कोणी आणि कोणते वाहन धरून मोजले? आणि येत्या पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे कुठल्या खात्यात ठेवले आहेत? उत्तरे मिळाली तर हार जरूर घाला. न मिळाली तर नगरसेवकाला लिहा, रेल्वेला लिहा. आणि दोघांनी एका टेबलाशी बसावे असे दोघांनाही लिहा. आणि चौथा प्रश्न स्वतःला विचारा : परवा फाटक पडले तेव्हा आपली गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभी होती?

त्या दिवशी ट्रॉलीवरून आम्हांला दिसलेले ते मूल आता शाळेत जाण्याच्या वयाचे झाले असेल. त्याला हा प्रसंग आठवत नसेल. एका फाटकवाल्याने नेमून दिलेले काम नेमाने केले आणि रेल्वेच्या एका दिव्याने खोटे बोलायचे नाकारले, म्हणून ते वाचले. दुसऱ्या दिव्यालाही तेवढेच खरे बोलायला शिकवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी लागणारा खर्च आपल्याला परवडण्यासारखा आहे.